एकवीस किलोमीटर आणि आटलेलं तळं

तू डॉक्टरला दाखवलं नाहीस हे वाईट केलंस. आधी हे लिहिते, मग बाकीचं. पन्नास वर्षं होत आली तरी माझा हा राग जात नाही. तालुक्याचा डॉक्टर पुरुष, त्याच्यापुढे पदर कसा काढायचा, म्हणून छातीतली गाठ हळदीच्या पोटिसाखाली दाबून ठेवलीस आणि बेचाळिसाव्या वर्षी गेलीस. मी आज एकोणसत्तर वर्षांची आहे. तुझ्याहून थोरली. तेव्हा आता मी बोलेन आणि तू ऐकशील.

आई, अक्षर वाईट आहे ते चालवून घे. चौथीतून शाळा सुटली ती तुझ्यामुळेच. पटांगणात मुलींची शर्यत होती, मी परकर वर खोचून धावले, पहिली आले आणि घरी सांगायला आले तर तुला आधीच कुणीतरी सांगितलं होतं की पोरीच्या मांड्या दिसल्या. हातातला चुलीतला फाटा तू तसाच पोटरीवर ठेवलास. पळण्याचं कौतुक एका शब्दानं नाही. दुसऱ्या दिवशी पाटी धाकट्याला दिलीस. डाग महिनाभर होता. शाळेचं मला फार वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू, पण धावायचं वाईट वाटलं.

एक विद्या मात्र तू मला पक्की दिलीस. घर दोन खोल्यांचं, माणसं नऊ. अंगावरचं आधी सोडायचं नाही. कोरडं लुगडं वरून घ्यायचं, त्याचं टोक दातांत धरायचं, आतल्या आत ओलं सोडायचं, आणि ते खाली पडेपर्यंत कोरडं अंगभर झालेलं असायचं. बोटभर कातडी दिसता कामा नये. तू ते इतक्या झटक्यात करायचीस की वाटायचं बाई कपड्यासकटच जन्मली असेल.

ती विद्या मला दुबईत कामी येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मुलानं मला इथे आणलं तेव्हा डिस्कव्हरी गार्डन्समध्ये त्याचा छान फ्लॅट होता. मला वेगळी खोली, न्हाणीघराला आतून कडी. कडी लावून मी उगीचच पाणी घेत बसायची. मग ते मंदीचं वर्ष आलं. मुलाची कंपनी इमारती बांधायची. एक दिवस सगळ्या क्रेन जिथल्या तिथे थांबल्या, बगळे उभे राहतात तशा, आणि मुलगा दुपारी दोन वाजता घरी आला. महिन्याभरात आम्ही अल कुसैसला. एक फ्लॅट आणि दोन कुटुंबं. बेडरूम त्यांची, हॉल आमचा, मध्ये पडदा. त्या पडद्याआड मी तुझी विद्या सुनेला शिकवली. ती शिकलेली, कॉम्प्युटरवरची बाई, दातांत साडी धरून रडकुंडीला आली. म्हणाली, "आई, तुम्ही आयुष्यभर असंच केलंत?" मी म्हटलं, "बोलू नकोस, पदर सुटेल."

त्या घरात दिवसा बसायला जागा नव्हती. स्वयंपाकघराची पाळी अकरानंतर. म्हणून मी पहाटे बाहेर पडून चालायला लागले. बिल्डिंगीला वळसा, मग मशिदीपर्यंत, मग पार शारजाच्या हद्दीपर्यंत. नात दहा वर्षांची होती, सुट्टीच्या दिवशी तीही यायची आणि सारखी पुढे पळायची. "आजी, यू आर सो स्लो!" एक दिवस मला राग आला आणि मी साडी खोचली. आजूबाजूला पाहिलं. फाटा घेऊन कुणी उभं नव्हतं.

दोन-तीन वर्षांनी मुलाला पुन्हा नोकरी लागली, स्वतंत्र फ्लॅट झाला, पण पळणं राहिलंच. सहासष्टाव्या वर्षी नातीनं माझं नाव मोठ्या शर्यतीत घातलं. एकवीस किलोमीटर. तीनशे दिरहामचे बूट, म्हणजे पाच हजार रुपयांच्या वर. मी म्हटलं एवढ्या पैशांत मला माणूस पालखीतून नेईल. अंगात सुनेची ट्रॅक पँट आणि मुलाच्या बुडालेल्या कंपनीचा टी-शर्ट, त्याच्यावर नंबर टाचलेला. पंधरा किलोमीटरनंतर गुडघा बोलायला लागला. मागून गाडी येते आहे, रेंगाळलेल्यांना उचलणारी. पिवळ्या जॅकेटातला एक पंजाबी उतरून माझ्या शेजारी चालतो आहे. "माँजी, खलास. टाइम हो गया. गाडी में बैठो." मी म्हणते, "तू बैठ. मेरे को पोचना है." तो म्हणतो, "कौन देखेगा? सब घर गए." मी म्हणते, "मी देखेगी." तो हसला आणि बिचारा माझ्याबरोबर शेवटपर्यंत चालत आला. मी पोचले तेव्हा कमान खाली उतरवत होते. नात ओरडली, "आजी, यू केम लास्ट!" म्हटलं, कुणीतरी यायलाच हवं ना.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ऐकून तुझा पदर डोक्यावर जाईल, तर जाऊ दे.

नात आता एकवीस वर्षांची आहे, युरोपात शिकते. फोनवर सांगत होती, तिच्या गावाजवळचं एक तळं आटत चाललंय. पूर्वी पाणी जिथवर होतं त्या रेघेवर माणसं निजवायची, अंगावर सूत न ठेवता, शेकडो माणसं, आणि वरून फोटो काढायचा, म्हणजे केवढं पाणी गेलं ते जगाला दिसेल. मी विचारलं, कपडे घालून नाही दिसणार? "देन नोबडी विल लुक, आजी." हे मला पटलं. मग म्हणाली, सगळ्या वयाची माणसं हवीत, पण म्हातारी कुणी येत नाहीत. ती स्वतः नुसती व्यवस्थेत होती, कपडे सांभाळायला. म्हणाली, मला नाही जमणार बाई. मी म्हटलं, माझं नाव घाल. मला तिच्याकडे जायचंच होतं, तिकीटही काढलेलं होतं.

मुलगा दारात उभा होता. त्यानं ऐकलं.

"आई, तू पागल झालीस का? इथे असल्या गोष्टींना जेल आहे."

"मग इथे कुठे काढतेय? तिकडे काढीन."

"आणि ऑफिसमध्ये कुणी बघितलं तर? मी कुठे तोंड दाखवू?"

"तू तुझं तोंड दाखव. बाकीचं मी दाखवतेय."

त्याला हसू आलं नाही. म्हणाला, "तुझा व्हिसा माझ्या नावावर आहे. हे केलंस तर मी रिन्यू करणार नाही. खलास. गावी जाऊन राहा."

गावी कोण आहे? सगळे मुंबईला, नाहीतर मातीत. घर म्हणून आता जे काही आहे ते हे, तो, सून, आणि सुट्टीत येणारी नात. ते जाणार होतं आणि तो उगीच बोलणाऱ्यातला नाही. मग मी त्याला तुझं सांगितलं. आजवर मी सगळ्यांना सांगत आले की आई तापानं गेली. त्या दिवशी खरं सांगितलं. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी होते, तू बाळाला न्हाऊ घालायला पाणी उपसत होतीस आणि पदर निसटला. गाठ लिंबाएवढी होती. मी बघते आहे हे तुला कळलं. तू म्हणालीस, "बाळाकडे बघ." मी बाळाकडे बघितलं. सव्वा महिन्यानं त्याला घेऊन सासरी गेले आणि कुणाला एक शब्द बोलले नाही, कारण ते अंगाचं बोलणं होतं. ते बाळ आता माझ्यापुढे टाय लावून उभं होतं आणि मला व्हिसा दाखवत होतं. त्यानं टाय सारखा केला. मग म्हणाला, "ते वेगळं, आई," आणि ऑफिसला गेला. धमकी त्यानं मागे घेतली नाही. सुनेनं माझ्या बॅगेत गपचूप एक जाड शाल घातली.

उन्हाळा असूनही तिकडे पहाटे गार होतं. तळ्याच्या भेगाळलेल्या चिखलात आम्ही उभे. गोरी, काळी, लठ्ठ, एक पाय नसलेला बाप्या, पोटुशी बाई. भोंग्यातून हुकूम आला आणि सगळ्यांनी कपडे टाकले, भाजीची साल टाकावी तसे. मी काय केलं असेल? शाल वरून घेतली, टोक दातांत धरलं आणि आतल्या आत साडी सोडायला लागले. सवय! शेकडो नागडी माणसं माझी वाट बघतायत, भोंगा काहीतरी ओरडतोय आणि मी आपली बोटभर कातडी न दाखवता सगळं सोडून उभी. आता आत घालायचं काय? काहीच नाही. नात हात पुढे करून उभी, हसून डोळ्यांत पाणी. "आजी, ओपन युअर माउथ!" मी तोंड उघडलं.

शाल गेली. मी रेघेवर जाऊन पालथी निजले. ऊन वर येईपर्यंत कुणी हललं नाही.

परत आले तर विमानतळावर मुलगा एकटाच आला होता. गाडीत अर्धा रस्ता त्यानं बातम्या लावून ठेवल्या. मग रस्त्याकडे बघत विचारलं, "थंडी होती का?" म्हटलं, होती. "नंतर काही पांघरायला दिलं?" म्हटलं, दिलं. आठवड्यानं सकाळी चहा घेताना म्हणाला, "उद्या तयार राहा. व्हिसासाठी नवा फोटो लागतो." आणि दारातून वळून, "या फोटोला साडी नेस हं." सुनेला हसता हसता चहाचा ठसका लागला.

हा कागद कुठे टाकायचा नाहीच, पासपोर्टच्या पिशवीत राहील. एक गोष्ट तेवढी कुणाला सांगितली नाही. मुलाला वाटतं मी तुझ्यासाठी केलं, नातीला वाटतं तळ्यासाठी. तसं असेलही. पण मला आवडलं. उघड्या पाठीवर ऊन आलं ते मला फार आवडलं, आणि उठा म्हणाले तेव्हा मी सगळ्यांत शेवटी उठले.

तुझ्या पाठीला कधी ऊन लागलं का? तुला लिहिता येत नव्हतं म्हणून सासरी मला येणारी पत्रं बाबा लिहायचे, आणि अगदी शेवटच्या महिन्यातसुद्धा त्यांत असायचं, "सर्व खुशाल." या पत्राचं उत्तर बाबांनी द्यायचं नाही. तू द्यायचंस, तुझ्या तोंडानं.