चार मिनिटांत निघालेला होल्डर

मिस्त्री, आज सकाळी टूलरूममधलं आपलं मोठं ग्राइंडिंग मशीन क्रेनने उचलून ट्रकवर चढवलं. भंगारात नाही गेलं, नाशिककडच्या एका वर्कशॉपवाल्याने चालू स्थितीत विकत घेतलं. त्याच्या जागी नवं मशीन आलं आहे. त्याला एक हिरवं बटण आहे, ते दाबलं की आतून हवेचा आवाज होतो आणि कटर धरणारा होल्डर आपणहून सैल होऊन हातात येतो. दुपारी जेवताना सोबतच्या एकाने विचारलं, की पूर्वी होल्डर अडकला तर तुम्ही काय करायचात? मी त्याला पाचरींचं सांगितलं, मग होल्डर ओढून काढायच्या पुलरचं सांगितलं. पुलर कुणी बनवला असं त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, मी आणि आमच्या मिस्त्रींनी. हे खरं आहे, पण त्याच्या आधीचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. सांगायला उशीर झाला असं म्हणण्यातही आता काही अर्थ उरलेला नाही, तरी लिहिते आहे.

मी टूलरूममध्ये आले तेव्हा चोवीस वर्षांची होते. आयटीआय झाला होता, दोन वर्षं आटगावच्या एका लहान कारखान्यात काढली होती. कंपनीची जीप मला आसनगाव स्टेशनबाहेर घ्यायची आणि किन्हवलीत तुम्ही चढायचात. तुम्ही कायम ड्रायव्हरशेजारी बसत होतात, डबा मांडीवर. पहिला आठवडा तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. टूलरूममध्ये बाई म्हणून मी एकटीच होते आणि तुम्हाला ते पटलेलं नव्हतं, असं मला वाटायचं. नंतर कळलं, तुम्ही कुणाशीच पहिला आठवडा बोलत नसायचात. बोथट झालेले कटर आणि ड्रिल यांना पुन्हा धार लावायची, एवढंच आपल्या खोलीचं काम. ड्रिलचं छोटं मशीन मला दिलं आणि मोठं तुमच्याकडे. मोठ्या मशीनवर कटर थेट बसत नसे. तो एका लोखंडी होल्डरमध्ये धरायचा, होल्डरची निमुळती शेपटी मशीनच्या स्पिंडलच्या, म्हणजे फिरत्या दांड्याच्या, भोकात घालायची आणि मागून लांब बोल्टने आत ओढून घट्ट करायची. अडायचं ते इथेच.

शनिवारी मशीन दिवसभर चालून तापलेलं असे. त्या गरम स्पिंडलमध्ये कुणी होल्डर तसाच ठेवून गेलं की रविवारी मशीन थंड होऊन आकसे, आणि सोमवारी होल्डर आत असा धरलेला असे की जणू एकाच लोखंडाचा तुकडा. त्यात घासणीची काळी बारीक माती आणि पाणी शिरलं असेल तर विचारायलाच नको. बाकीचे मागच्या बोल्टवर हातोडा घालायला निघायचे. तुम्ही त्यांना हाताने बाजूला करायचात. दोन पाचरी घेऊन होल्डरची कड आणि स्पिंडल यांच्या मधल्या फटीत समोरासमोर बसवायच्या, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, टिचक्या माराव्यात तसं लहान हातोडीने मारायचं. डावा तळवा स्पिंडलवर ठेवलेला. अर्धा तास, कधी पाऊण तास. मी मागे उभी राहून बघते आहे, आणि तुम्ही वळून न पाहता म्हणता, "आतमदी बेरिंग हाय गो. त्याला लागलं तर ते सांगत नाय, पन जन्मभर आठवन ठेवतं." माझ्याशी बोललेलं तुमचं हे पहिलं लांब वाक्य. होल्डर लावण्याआधी त्याची शेपटी आणि आतलं भोक दोन्ही पुसल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मला तुम्ही एकदाच सांगितलंत. दुसऱ्या वेळी मी विसरले, तेव्हा तुम्ही माझा होल्डर बाहेर काढून टेबलावर ठेवलात आणि जेवायला निघून गेलात. मला अजून आठवतं, त्या दिवशी मी जेवले नाही.

आठ वर्षं अशी गेली. तुमच्या मुलीच्या साखरपुड्याला आम्ही टूलरूमचे चौघे किन्हवलीला आलो होतो. जेवणं उरकली, बाकीचे बाहेर पडवीत बसले आणि तुम्ही मला आत स्वयंपाकघरात बोलावलंत, काकूंशी ओळख करून द्यायला. काकूंनी तुम्हाला चहा दिला. कप बशीवर वाजायला लागला. थांबतच नव्हता. काकूंनी तुमच्या हातातून ती कपबशी सहज काढून घेतली, स्टीलच्या पेल्यात अर्धाच चहा ओतला आणि पेला तुमच्या दोन्ही हातांत दिला. त्यांचं बोलणं एका क्षणासाठीही थांबलं नाही, तांदूळ कुठून आणले ते त्या मला सांगत होत्या. म्हणजे हे रोजचं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी तांदळाबद्दलच काहीतरी विचारलं.

त्यानंतर मी बघायला लागले. तुम्ही काम सोडून इतर वेळी उजवा हात खिशात ठेवत होतात. घासणीच्या चाकाची कड हिरा बसवलेल्या सळीने साफ करताना डाव्या हाताने उजवं मनगट धरत होतात. होल्डर काढायला आता पाऊण तासाचा दीड तास लागत होता, कारण प्रत्येक टिचकीआधी तुम्ही हात थांबण्याची वाट बघायचात. एका सोमवारी हातोडी पाचरीवरून निसटली आणि चाकावरच्या लोखंडी झाकणावर आदळली. झाकण नसतं तर चाक फुटलं असतं. खोलीत तेव्हा आपण दोघंच होतो. तुम्ही हसलात आणि म्हणालात, घाम आला हाताला. मी तुम्हाला फडकं दिलं.

त्याच आठवड्यात मॅनेजरसाहेबांनी मला गेटपाशी थांबवलं. मोठ्या मशीनवरून कटर वेळेत येत नाहीत, मिस्त्रींचं हल्ली काय चाललंय, असं त्यांनी सहज विचारलं. काही नाही, असं म्हणून मला निघता आलं असतं. मी म्हटलं, "साहेब, त्यांचा हात थरथरतो. चाकाजवळ नका ठेवू त्यांना." एवढंच. दोन वाक्यं. साहेब मान हलवून निघून गेले.

आठ दिवसांनी तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं. स्टोअरला विश्वासाचा माणूस हवा आहे, पगार तोच राहील, असं त्यांनी सांगितलं. हाताचं नाव काढलं नाही. माणूस वाईट नव्हता तो. तुम्ही तुमच्या दोन पाचरी आणि लहान हातोडी फडक्यात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवलीत आणि खिडकीपलीकडच्या स्टोअरमध्ये जाऊन बसलात. संध्याकाळी जीपमध्ये तुम्ही पहिल्यांदा मागे, माझ्या शेजारी बसलात. सरळगाव मागे पडलं. मग म्हणालात, "कोनीतरी पाह्यलं असंल. त्या काचेच्या केबिनीतून लय दिसतं सायबाला." मी म्हटलं, असेल. तुम्ही किन्हवलीला उतरलात.

मोठं मशीन माझ्याकडे आलं. तिसऱ्याच सोमवारी होल्डर अडकला. मी तुमच्या पाचरी घेऊन बसले आणि दोन तास झाले तरी तो हलला नाही. माल जायचा होता, गाडी उभी होती. वेल्डिंगमधला एक जण मोठा घण घेऊन आला आणि मी नाही म्हणेपर्यंत त्याने मागच्या बोल्टवर एक घाव घातला. होल्डर निघाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुपारी मशीन चालू केलं तर स्पिंडलमधून खरखर ऐकू आली आणि कटरच्या धारेवर लाटा उठल्या. बेरिंग गेलं होतं. ते बदलून येईपर्यंत मशीन महिनाभर बंद. खिडकीतून तुम्हाला सगळं दिसत होतं, पण तुम्ही त्याबद्दल मला काही विचारलं नाहीत.

त्या महिन्यात मी पुलरचं चित्र काढलं. दोन अर्ध्या कड्या, त्या होल्डरच्या खाचेत दोन्ही बाजूंनी बसवून एकमेकींना आवळायच्या. कडीतून बारीक आट्यांचे बोल्ट आरपार जातात आणि त्यांची टोकं स्पिंडलच्या तोंडावर टेकतात. बोल्ट पिळले की कडी स्पिंडलपासून दूर सरकते आणि होल्डरला बरोबर बाहेर ओढते. आतल्या बेरिंगवर धक्का नाही. बोल्ट मागायला मी चित्र घेऊन तुमच्या खिडकीशी आले. तुम्ही चष्मा लावलात आणि कागद काउंटरवर दाबून धरलात, म्हणजे तो हलणार नाही. बराच वेळ बघितलंत. "दोन बोल्ट कशाला? दोनात वाकडा येनार. तीन घे," तुम्ही म्हणालात. "आनि टोकाला पितळ लाव, नायतर तोंडाला खड्डे पडतील." मग उठून तीन बोल्ट काढून दिलेत, आणि न मागता पितळी सळीचा एक तुकडा. बोल्ट फिरत फिरत पिळायचे, प्रत्येकाला पाव फेरा, एकालाच पुढे जाऊ द्यायचं नाही, हेही तुम्हीच सांगितलंत.

मशीन दुरुस्त होऊन आलं, आणि पुढे एका सोमवारी होल्डर पुन्हा अडकला. मी मागचा बोल्ट सैल केला, कडी बसवली, पाव पाव फेरा देत गेले. कुठलाही आवाज नाही. मग एक बारीक टक असं झालं आणि होल्डर माझ्या हातात आला. भिंतीवरचं घड्याळ मी आधी बघून ठेवलं होतं. धावत नाही, पण भराभर चालत मी तुमच्या खिडकीशी आले.

"किती टाइम लागला?" तुम्ही विचारलंत.

"चार मिनिटं."

"हाताला जोर?"

"काहीच नाही. फक्त पाना फिरवायचा."

तुम्ही तुमचा उजवा हात काउंटरवर ठेवला होता. तो हलत होता आणि त्या दिवशी तुम्ही तो खिशात घातला नाहीत. त्याच्याकडे बघत म्हणालात, "मंग हे मलापन जमलं असतं."

तक्रार नव्हती त्यात. हिशेब लागल्यावर माणूस बोलतो तसं बोललात. मागे कुणीतरी हातमोजे मागायला उभं होतं, तुम्ही उठून हातमोजे द्यायला गेलात. मी होल्डर हातात घेऊन तिथेच उभी होते. मला वाटतं, सांगायची वेळ ती होती. मी आधी तोंड उघडलं होतं आणि डोकं नंतर चालवलं होतं. पुलर आधी सुचला असता आणि साहेब गेटपाशी नंतर भेटले असते, तर पाना तुमच्या हातात असता. हिऱ्याने चाक साफ करायचं कामही मी करू शकले असते, तुम्ही मशीन लावून दिलं असतंत. अशा किती तरी वाटा मला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सुचल्या, आणि त्यांतली एकही साहेबांनी विचारलं तेव्हा सुचली नव्हती.

पुढे दीड वर्षाने तुम्ही निवृत्त झालात आणि त्यानंतर तीन वर्षांनी गेलात. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी किन्हवलीला आले. साहेबही आले होते, एकटेच, स्वतःच्या गाडीने. पडवीत त्यांना खुर्ची कुणी दिली नाही. ते खांबापाशी उभे राहिले, तुमच्या मुलाशी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला आणि थोड्या वेळाने नमस्कार करून निघाले. काकूंनी मला आत नेऊन स्वतःशेजारी बसवलं. म्हणाल्या, "त्या मानसाने यांचं मशीन काढून घेतलं. शेवटपर्यंत बोलले नाय हे त्याच्याशी. तुजं मातर नाव घ्यायचे." बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी काकूंचा हात धरून बसले होते. त्या माणसाने तुमचा हात थरथरताना कधी पाहिलाच नव्हता, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

साहेब आता पुण्याकडे असतात. त्यांना मी फोन करू शकते. काकू आहेत, जीप रोज त्यांच्या दारावरून जाते, सणाला मी उतरतेही. हा कागद मी त्यांना वाचून दाखवू शकते. दाखवणार नाही. काकूंना इतक्या वर्षांत त्या रागाची सवय झाली आहे आणि त्यांच्याशेजारच्या माझ्या जागेचीही, हे कारण मी स्वतःला देते. दुसरं एक कारण आहे, ते तुम्हाला सांगते. गेटपाशी मी ती दोन वाक्यं बोलले, तेव्हा तुमच्या बोटांची काळजी मला खरोखरच होती, त्यात खोट काढू नका. पण आठ वर्षं मी ड्रिलच्या छोट्या मशीनवर उभी होते, आणि मोठं मशीन मला हवं होतं.