एका पानात बसवलेला टर्नर

खारबाव, ता. भिवंडी
बुधवार

तीर्थस्वरूप महादूभावोजींना हिरामणचा साष्टांग नमस्कार (कमरेत उसण भरल्यामुळे तूर्त उभ्यानेच घालतो आहे, गोड मानून घ्यावा).

तुमचा गुडघा कसा आहे? राहीताईची साखर आटोक्यात आहे ना? वज्रेश्वरीच्या तुमच्या लॉजला गिऱ्हाईक बरं असेल. आम्ही सगळे ठीक. मोबाइलच्या जमान्यात मेहुणा पत्र का लिहितो असं वाटेल, पण तीन वर्षं तुम्ही माझा फोन उचलत नाही, आणि रजिस्टर पोस्ट कसं, पोस्टमन हातात देऊनच जातो.

कारण असं, की चोवीस वर्षं ज्या लेथवर मी पॉवरलूमचे लोखंडी शाफ्ट कातून उतरवले, तो दिवाळीनंतर विकला जाणार. वर्कशॉप पाडून तिथे गोडाऊन होणार. शेठने चहा पाजून सांगितलं, "हिरामण, लूमच न्हाय रायले, त शाफ्ट कोनाला इकू?" चहा आला तेव्हाच मी ओळखलं होतं (चोवीस वर्षांत हा दुसरा). पण मी रडत बसणाऱ्यांतला नाही. बायपासला पंपाचे भाग बनवणारा नवा कारखाना निघालाय. त्यांना टर्नर हवा आहे आणि तो मीच होणार, हे मी ठरवून टाकलंय. त्यांना तेवढं कळवायचं होतं. त्यासाठी म्हणे रेझ्युमे लागतो, आणि सोबत कव्हर लेटर.

आता टर्नरची रीत अशी, की कच्चा माल मापापेक्षा मोठा घ्यायचा आणि एकेक कट मारत मापावर आणायचा. मी रेझ्युमेही तसाच घेतला. अकरा पानं झाली. दिपाली (तुमची भाची, यंदा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे) म्हणाली, "पप्पा, एकच पान. दुसरं कोणी वाचत न्हाय." मग बसलो उतरवायला. पहिल्या कटात बालपण गेलं, दुसऱ्यात आयटीआयचे सर, तिसऱ्यात शेठशी झालेली भांडणं. एकदा हात बसल्यावर थांबवेना. शेवटी अर्धं पान उरलं, अगदी गुळगुळीत, कुठे ओरखडा नाही. आणि दिपालीने दाखवलं की त्यात माझं नाव आणि फोन नंबरही उरलेला नाही. मी कपाळावर हात मारला, कारण उतरवलेला माल परत चढत नाही. तर तिने कॉम्प्युटरचं एक बटण दाबलं आणि मी सगळाच्या सगळा परत आलो! भावोजी, असं बटण लेथला असतं तर (तर बरंच काही झालं नसतं, ते पुढे).

कव्हर लेटर तिने मोबाइलवरून काढलं. त्यात मी उत्साही, गतिमान आणि धाडसी होतो. मी म्हटलं, लेथवरच्या गतिमान आणि धाडसी माणसाची बोटं जाऊन मोज. मग मी स्वतः लिहिलं, तिने फक्त इंग्रजी केलं: 'चोवीस वर्षं झाली, दहाही बोटं जागेवर आहेत. मशीन द्या आणि बाजूला उभे राहा.' शेवटचं वाक्य तिला उद्धट वाटलं. ते मी ठेवलं.

तर असा अर्ज गेला आहे. बाकी विशेष काही नाही. ताईला नमस्कार सांगा.

आपला मेहुणा,
हिरामण

ता. क. विशेष नाही म्हटलं, पण एक आहे. माझं काम वापरलेल्या एका प्रतिष्ठित माणसाचं नाव त्यांनी मागितलं होतं. मी तुमचं दिलं (आपल्यात लेटरहेड असलेले तुम्ही एकटेच). येत्या मंगळवारी अकराच्या सुमारास त्यांचा फोन येईल. त्या माणसाशी बोलल्याशिवाय ते मुलाखतीला बोलवत नाहीत.

आणखी ता. क. अर्जात 'कामात झालेली मोठी चूक' असाही एक रकाना होता. तो रिकामा सोडला तर अर्ज पुढे सरकत नाही. मी तीन दिवस त्याच्यासमोर बसलो आणि मग खरं तेच लिहिलं. तीन वर्षांपूर्वी तुमच्या लॉजच्या पाण्याच्या पंपाचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती पितळी नळी) मी बस चुकेल म्हणून गरम असतानाच मापला होता. थंड झाल्यावर तो आकसला, शाफ्ट जखडला, मोटार जळली, नळ बंद पडले, आणि तुमचे चौदा पाहुणे अंगाला साबण लावून, टॉवेलवर, भर जत्रेतून गरम पाण्याच्या कुंडाकडे निघाले. मी चार लोकांत मोरू वायरमनच्या वायरिंगला दोष दिला. तुम्ही त्याला काही बोलला नाहीत, नुसतं माझ्याकडे पाहिलंत. तुम्ही चुकीसाठी नाही, खोट्यासाठी अबोला धरलात, हे मला तेव्हाच कळलं होतं. मला त्याची फार लाज वाटते. मोरूकडे परवा जाऊन आलो. फोनवर विचारलं तर काहीही झाकू नका.

शेवटचा ता. क. ताई म्हणते, बाजारचा बुश घालूनही पंप अजून खडखडतो. सोबतच्या डबीत नवा आहे. माप माझ्या जुन्या वहीतलंच. ते तेव्हाही बरोबर होतं. या वेळी पुरता थंड होऊ दिला आणि मग तीनदा मापला. सोमवारी बसवून पाहा. नीट बसला, तरच मंगळवारचा फोन उचला.