रागाचं इंग्रजी

४ जून

चि. ठमीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पोरींना इंग्रजी शिकवून तू पार वाळलीस, असं आई फोटो बघून म्हणते. तिला तू कधी जाड दिसलीस ते सांग.

कारखान्यात आमच्या इस्त्रीच्या खोलीला हल्ली बाहेरून कुलूप घालतात. कपडे चोरीला जातात म्हणे. आत वाफेने जीव नकोसा होतो. परवा माझा जोडीदार टेबलावरच कोसळला. किल्ली सापडेपर्यंत आम्ही दार बडवत होतो. तो अजून दवाखान्यातच आहे. नव्या साहेबांना आपली भाषा येत नाही, आणि मुकादम आमचं गाऱ्हाणं साखरेत घोळून त्यांना सांगतो. तेव्हा मला रागाचं एक इंग्रजी वाक्य पाठव. विनंतीचं नको. विनंत्या करून झाल्या.

आमची माया आहेच, तुझी असू दे.

बाबा

९ जून

ती. बाबांना शि. सा. न.

कमाल आहे! जन्मभर राग गिळलात आणि आता तो इंग्रजीतून काढणार? आधी हसले, मग दाराचं पुन्हा वाचलं.

वाक्य घ्या : ‘आय वोन्ट पुट अप विथ धिस.’ म्हणजे, हे मी खपवून घेणार नाही. ‘वोन्ट’वर जोर द्या. नोकरीची काळजी करू नका, मी कमावते आहे.

तब्येतीला जपा आणि या मास्तरणीवर लोभ ठेवा.

तुमची ठमी

१८ जून

चि. ठमीस अ. उ. आ.

जोडीदार गेला. सकाळी निरोप आला तसा मी तडक साहेबांच्या खोलीत शिरलो. इस्त्रीच्या खोलीकडे बोट दाखवलं आणि तुझं वाक्य म्हटलं. एकही शब्द अडखळला नाही.

साहेब खदखदून हसले. मुकादम म्हणाला, साहेब शाबास म्हणताहेत, इस्त्रीवाला एवढं छान इंग्रजी कुठे शिकला म्हणून विचारताहेत. माझ्या तोंडून निघून गेलं, की माझी मुलगी शिकवते. त्यांनी शेजारच्या खोलीतले दोघे साहेब बोलावले आणि मला ते पुन्हा म्हणायला सांगितलं.

ठमे, मी पुन्हा म्हणून दाखवलं. हसत.

आजही आत होतो तेव्हा बाहेरून कुलूप होतं. आता वाक्य पाठवू नकोस.

तुझा लोभ मात्र असू दे. माझा माझ्यावरच उरलेला नाही.

बाबा