आभाळाला मीठ

किंक्रांत

आले बाई एकदाची नातीकडं! मी चंद्रभागा, घोटीची, शाळा तिसरीपर्यंत. हर्षालीनं ही वही दिली अन् म्हणली, आजी, दिसंल ते लिही, तेवढंच तुझं बोलणं कमी होईल. लबाड कुठली. आईबाप गेल्यावर माझ्याच पदराखाली वाढली, आता शास्त्रज्ञ झालीय.

दिंडोरीच्या पुढं द्राक्षबागा संपल्या की माळावर हिचं आभाळ मोजायचं ठाणं. दोन खोल्या, अन् छपराला खिडकी. खिडकीतून हिच्या यंत्राच्या पिवळ्या उजेडाची काठी सरळ आभाळात जाती, दिवसाबी. तारे तुटून जळतेत ना, त्यांची राख लय उंचावर थर धरून ऱ्हाती. लोखंडाची, सोडियमची. सोडियम म्हंजे आपल्या मिठातला धातू. हिवाळ्यात थर दाट, उन्हाळा आला की विरळ. का, ते ही मोजती. मी म्हणलं, म्हंजे देवाच्या घरीबी मिठाचा डबा उन्हाळ्यात रिकामा होतो तर! पोट धरून हसली.

राखणदार झिपरू पेठकडचा, लय बोलघेवडा. म्हणतो, मावशी, ताईंचं लगीन त्या यंत्राशीच लावून द्या, नवरदेव उजळ हाय. त्याचा कुत्रा काळ्या माझ्या हातची तिळाची भाकर खातो. शेपटी तर अशी हलवतो की बास.

महाशिवरात्र

पोर उदास. थर यंदा फारच भराभर विरळ होतोय. तिचे साहेब म्हणतेत यंत्र बिघडलं, गुंडाळा ते काम. नजर लागली, दुसरं काय! मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेतल्या, हर्षालीवरून उतरवल्या, यंत्रावरूनबी. पण टाकायच्या कुठं? चूल नाय. गॅसवर टाकल्या तर ठसका लागून पोर मला घोटीलाच परत धाडंल. मग शिडीनं छपरावर गेले, या वयात बरं का, अन् मूठ त्या उजेडात भिरकावली.

मिरच्या खाली पडल्या, मोहऱ्या पडल्या. मीठ काय खाली आलं नाय.

महाशिवरात्रीचा दुसरा दिवस

हर्षाली नाचतच आली. थर दाट झाला! मला उचलून गरगर फिरवलं, माझे गुडघे गेले ते सोडा. आता रोज एक मूठ मीठ उजेडात. तिला सांगत नाय, शिकलेली पोरं हसतेत.

धुळवड

काल हर्षाली अन् मी इंदिरानगरला माझी भाची आशा, तिच्याकडं होळीच्या पुरणपोळीला गेलो, मुक्कामच पडला. तिच्या सासूनं गूळ कमी टाकलेला. तिथं मीठ टाकायचं राहिलं.

आज आलो तर काळ्या अंगणात. कातडी पापडावानी कोरडी, फासळ्या बाहेर उपसलेल्या, जीभ मुळातून उपटलेली. रक्ताचा थेंब नाय. झिपरू म्हणला बिबट्या. मग नख्यांचे ठसे कुठंत?

हर्षाली म्हणती थर खाली सरकतोय, असं कधी होत नाय. मी संध्याकाळी मूठ टाकाया गेले, तर उजेडानं हातच धरला. बोटांची सालं निघाली. तरी येताना मिठाची नवी मोठी पिशवी आणली होती, बरं झालं.

पाडवा

झिपरू गेला.

भर उन्हात गुढी उभारत होता. सदरा घामानं निथळत. उजेडाची काठी वाकली. उजेड कधी वाकतो का? त्याच्या मानेला विळखा. वर उचलला. एक हात खांद्यातून तुटून माझ्या पायाशी. ओरडाया तोंड उघडलं तर उजेड आत शिरला, आतून ओढत... खाली पडला तवा सरपणावानी कोरडा. दोन तुकडे.

हर्षालीनं यंत्र बंद केलं. वायर उपटली. उजेड तसाच.

मग तिला सगळं सांगितलं. मुठींचं. रागवली नाय. म्हणली, आजी, उन्हाळ्यात थर आपोआप विरळ होत नव्हता, कुणीतरी खात होतं. आपण त्याला खालचा रस्ता दाखवला.

पाडव्याचा दुसरा दिवस, सकाळ

रातभर दार लावून आत बसलो, बाहेर ते फिरतंय. फोन लागत नाय. पिशवीतलं मीठ अंगणात फेकलं. घटकेत साफ. त्याला ओलं पायजे आता, जितं. दाराच्या फटीतून पिवळं आत येतंय —

ठरलं. ती नको म्हणती. मी ऐकत नाय. लुगडं भिजवलं, डब्यातलं शेवटचं मीठ अंगाला चोळलं, लोणच्याच्या कैरीवानी अंगणात बसले. ते माझ्यावर आलं की हर्षालीनं फाटकापाशी उभ्या तिच्या जीपकडं पळायचं. घामबी खाराच, म्हणून तिचं अंग कोरडं पुसलं, पावडर लावली, लहानपणी लावायची तशी. लिहिते, तेवढंच भ्या कमी.

आलं. पायाला लागलं — कातडं सोलतंय — पळ म्हणलं —

पळाली! शाब्बास — जीपचं दार —

मागं का बघती —

सोडलं मला. म्हातारीत ओल ती किती — वळलं — तिकडं का? तिच्या अंगाला मीठ नाय, मी सोता पुसलं —

रडतीय ती.

हर्षाली, डोळे पूस. बाई माझे, डोळे पू