न वाजता तापलेला ॲम्प्लिफायर

बाबा,

सकाळपासून मी तुमच्या ॲम्प्लिफायरवर हात ठेवून बसले आहे. बिबवेवाडीच्या घरात तुम्ही स्वतः जोडलेला, तोच. गाणं मंद चालू आहे आणि वरचा पत्रा कोमट आहे, हात उचलावासा वाटत नाही इतका. गेल्या आठवड्यात माझी हिंजवडीची नोकरी गेली. घरी सांगितलेलं नाही. घरून काम आहे म्हणते आणि खोलीचं दार लावून घेते. अशा वेळी तुमच्याशिवाय कुणाशी बोलावं ते कळत नाही.

डोळे मिटले की रविवारची सकाळ असते. तुम्ही सेट चालू करता आणि तापल्या धुळीचा वास खोलीत तरंगायला लागतो. आई येते, धूळ बसते म्हणत आपलं क्रोशाचं कव्हर त्यावर घालते. तुम्ही काढता, ती पुन्हा घालते. आपल्याकडे टीव्हीपासून मिक्सरपर्यंत काही उघडं राहिलंच नाही. "त्याला थंडी वाजत नाही," तुम्ही तिला म्हणता. मग मला सांगता, आत गेलेल्या सगळ्या विजेचा काही आवाज होत नाही, उरलेल्या विजेची उष्णता होते, मागच्या पट्ट्या ती बाहेर टाकायलाच असतात, त्यांना वारा लागू द्यायचा. हात ठेवता येतोय तोवर काळजी नाही. हात झटकन मागे घ्यावा लागला, जळका वास आला, किंवा काही न वाजवताच तापला, तर लगेच प्लग काढायचा. मी पेंगत ऐकत असे. तुमचा आवाज आणि गाणं एकमेकांत मिसळून जाई.

पुढे कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीचे कागद पुढे केले. आमची इच्छा आम्हाला आजच कळली, असं म्हणून तुम्ही हसलात, आणि त्यानंतर बोलेनासे झालात. एका दुपारी मी कॉलेजातून आले तर तुम्ही सेटसमोर बसलेले. लाल दिवा लागलेला, कॅसेट नाही, कव्हर तसंच वर. मी हात लावला आणि चटका बसला.

"बाबा, हा काही न वाजवताच तापलाय."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "बंद कर," म्हणालात. "मला उठवत नाहीये गं."

आईने दारातून ऐकलं. तिने कव्हर काढून कपाटात ठेवलं आणि तुमच्याजवळ खाली बसली. तुम्ही रडलात. मी घाबरले होते, तरी घरातली हवा मोकळी झाल्यासारखं वाटलं. संध्याकाळी तुम्ही सेट उघडलात, तेव्हा बॅटरीचा उजेड आई धरून होती.

आत्ता बाहेर माझा नवरा चहा टाकतोय. मीटिंग संपली का, असं त्याने दारातून विचारलं. हो म्हणून दार उघडायचं आणि सांगून टाकायचं, एवढंच होतं. मी म्हणाले, अजून दहा मिनिटं.