एका घरातून एकच

२ जून, सोमवार
दुपारी धाकटीचा फोन. मी दुकानात – हातात चष्म्याची फ्रेम, ओठांत धरलेला बारका स्क्रू. “ताई, झालं! नियम गेला!” ओरडलीच. क्रीडा खात्यात बावीस वर्षं काढली, पण आवाज अजून मधल्या सुट्टीतलाच.

गरिबाघरच्या मुलांना खेळासाठी सरकार शाळेमार्फत मदत देतं – प्रशिक्षण, बसचा पास, दोन वेळचं जेवण. त्यात अट होती : एका घरातून एकच मूल. ही अट काढायला धाकटी सहा वर्षं फायलींच्या मागे लागली होती. चौदा तारखेला आमच्याच जुन्या शाळेत कार्यक्रम आहे.

“आणि तू स्टेजवर हवीस. नाही म्हणायचं नाही.”

तोंडात स्क्रू असताना नाही कसं म्हणणार? “हूं” म्हटलं.

३ जून, मंगळवार
आज उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसवली. दोनदा!

५ जून, गुरुवार
शाळा डोक्यातून जात नाही. ते मैदान! पावसाळा संपला की आम्ही मुलीच खडे वेचायचो. खेळाचे सर – त्यांना सगळे शिट्टीसर म्हणायचे, झोपेतही गळ्यात शिट्टी असणार अशी आमची खात्री – फक्कीच्या रेघा मारायचे आणि आम्ही श्वास रोखून बघायचो. ताजी पांढरी रेघ. तिच्यावर पाय दिला तर ओरडा ठरलेला.

मी चौदाची, धाकटी बाराची. बाबा नव्हते. आई इस्पितळात कपडे धुवायला, हात कायम सोललेले. आम्ही दोघी घरापासून शाळेपर्यंत पळतच जायचो. रोज शर्यत. रोज मीच पुढे. रोज ती म्हणायची, “उद्या बघ!”

किती सुख होतं त्या पळण्यात. भूकसुद्धा मागे पडायची.

८ जून, रविवार
धाकटीनं भाषण टाइप करून पाठवलंय. “वाच आणि सांग.” वाचलं.

“...जागा एकच होती. शिट्टीसरांनी आम्हा दोघींना चारशे मीटर पळवलं. शेवटच्या वळणावर माझ्या ताईनं माझ्यासाठी पाय आखडते घेतले. आज मी जी कुणी आहे, ती तिनं सोडलेल्या शर्यतीमुळे...”

फोन उलटा करून ठेवला.

इथे लिहिते. कुठेच लिहिलेलं नाही, कुणालाच सांगितलेलं नाही. मी पाय आखडते घेतले नव्हते. जीव तोडून पळाले होते. त्या दिवशी मला ती जागा हवी होती – धाकटीला न मिळता मलाच हवी होती. शेवटच्या वळणावर ती बाहेरच्या बाजूनं आली. आधी तिचा श्वास ऐकू आला, मग वेणी दिसली. मी दात आवळले. तोंडात रक्ताची चव आली. तरी दोन ढांगांनी गेली पुढे.

घरी येऊन मी पांघरुणात तोंड खुपसून रडले. आईनं धाकटीला जवळ घेऊन हळूच सांगितलं, “ताईनं तुझ्यासाठी सोडली गं शर्यत.” माझी लाज झाकायला बोलली बिचारी. मी सांगायला तोंड उघडलं... आणि मिटलं. हरलेली असण्यापेक्षा मोठ्या मनाची असणं बरं वाटलं. चौदा वर्षांची होते मी! पण मग पंधराची झाले, तिसाची झाले. आई गेली. गप्पच राहिले.

९ जून, सोमवार
“भाषण कसं वाटलं?” – धाकटी. “छान,” – मी. थू माझ्या जिभेवर.

११ जून, बुधवार
तिनं कधीच जिंकल्याचा तोरा मिरवला नाही. लोक कौतुक करायला लागले की मान खाली घालायची. राज्यात दुसरी आली तेव्हा पेपरवाले घरी आले, तर हिचं एकच – “ताई माझ्याहून जोरात पळते.” मला वाटायचं, किती गुणाची पोर! आज पहिल्यांदा मनात आलं, हा गुण नसेल तर?

१३ जून, शुक्रवार
दुकान लवकर बंद करून तिच्या घरी गेले. ती उद्याची साडी इस्त्री करत होती. बसलेही नाही.

“ते भाषण वाचू नकोस. खोटं आहे.”

“काय खोटं?”

सगळं सांगितलं. वेणी, रक्ताची चव, आईचं वाक्य. मला ती जागा हवी होती, हेसुद्धा. इस्त्री तिच्या हातात तशीच. शेवटी तिनं ती उभी करून ठेवली, बटण बंद केलं, आणि म्हणाली, “ताई, तू आता जा.”

रागावून नाही. पण बघितलं नाही माझ्याकडे.

१४ जून, शनिवार
गेले कार्यक्रमाला. मागच्या ओळीत बसले. मैदान छोटं वाटलं. रेघा मात्र तशाच पांढऱ्या. मुलं मांडवात पंख्याखालच्या जागेसाठी भांडत होती.

धाकटी उठली. हातात कागद नाही. एवढंच बोलली :

“पस्तीस वर्षांपूर्वी या मैदानावर दोन बहिणी पळाल्या. दोघींनाही ती जागा हवी होती. दोघींनाही भूक होती. जागा एक होती. हरलेल्या मुलीला परत कुणी विचारलं नाही. तिच्यासाठी हा नियम काढलाय.”

बसली. टाळ्या जरा उशिरानंच पडल्या. माझ्या शेजारची शिक्षिका म्हणाली, “कुणाची गोष्ट आहे हो?”

धाकटी भेटली नाही. गाडीत बसून निघून गेली.

१५ जून, रविवार
सकाळी दारात उभी. डोळे सुजलेले. आत येईना.

“ताई, खरं सांग. म्हणजे... मी तुला खरंच हरवलं होतं?”

“हो गं. दोन ढांगांनी.”

खाली पायरीवरच बसली. आणि बारा वर्षांची पोर हसावी तशी हसायला लागली.