कोपनहेगन, आणि धाकूचं कार्ड

बुधवार, १४ ऑगस्ट १९२९. कोपनहेगन बंदर

खोटं वाचलं! अक्षर न् अक्षर खोटं.

दुपारी टपाल आलं. धाकूच एजंटाच्या कचेरीत जाऊन घेऊन आला. सात कार्डं, दोरीनं बांधलेली. बोटीवर रत्नागिरीकडचे आम्ही अकरा, आणि वाचता येणारा मी एकटा. मराठी सहावी झालो, वर्षभर शाळेत पोरं वळली, म्हणून सगळे मास्तर म्हणतात. सुकाणी म्हणून हाक कुणी मारत नाही. जेवणं झाली की मी पेटीवर बसायचं, बाकीच्यांनी भोवती बसायचं, एकेकाचं कार्ड मोठ्यानं वाचायचं आणि सगळ्यांनी सगळ्यांचं ऐकायचं, ही आमची रीत.

पाचवं कार्ड धाकूचं निघालं. कोपरा फाडलेला! वाईट बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडतात हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. भाऊ आत्माराम लिहितो — "सौ. तुळसा आषाढ शुद्ध नवमीस तापाने वारली. मालन आमच्याकडे आहे." पुढं आणखी एक ओळ आहे. ती इथं लिहवत नाही.

तुळसा म्हणजे धाकूची बायको. मालन त्याची मुलगी, सात वर्षांची. त्याच्या घरात माणसं ती दोनच.

वर पाहिलं तर धाकू माझ्या तोंडाकडे बघत बसलेला. कालच सांगत होता, तुळसाला विलायती मणी कबूल केलेत, तीन खेपा नुसत्या थापा मारल्या, ह्या खेपेला नेले नाहीत तर उंबऱ्याच्या आत घेणार नाही! कोपऱ्यावर अंगठा दाबला आणि वाचलं, "आत्माराम लिहितो, सर्व खुशाल आहेत. मालन शाळेत जाते. भात लावून झालं."

"आणि?"

"आणि काही नाही. जपून राहा म्हणतो."

"बरं," म्हणाला आणि उठून गेला. एरवी कार्ड मागून घेतो, उशाखाली ठेवतो. आज मागितलं नाही. सुटलो!

संध्याकाळी डेकवर कपड्यांसकट बादली अंगावर ओतून घेतली त्यानं. "उकडतंय," म्हणे. इथं उकडतंय? मी घोंगडी पांघरून लिहितो आहे.

उद्या सांगणार. नक्की.


गुरुवार, १५

नाही सांगितलं.

बोटीचा पाण्यातला पंखा वाकलाय, दुरुस्तीला दहा दिवस लागणार. पेंड उतरवून झाली. इथल्या गाई आपल्याकडची पेंड खातात आणि लोणी देतात! साहेबानं पाळीपाळीनं गावात जायला मोकळीक दिली. माझा जोडीदार कोण? धाकू! लवू सारंगानंच, आमच्या मुकादमानं, जोडी लावली. नाही कसं म्हणू?


शुक्रवार, १६

पाय मोडले. सकाळपासून हिंडतोय.

गाव पाण्यातच आहे. खाडीची बोटं घरांच्या दारापर्यंत आलेली, आणि घरं पिवळी, तांबडी, निळी — खेळण्यातली वाटावीत. दारात गलबतं बांधलेली. आमच्या गावी मिऱ्यावर असतो तसाच डांबराचा आणि मासळीचा वास. सगळा गाव सायकलवर! बायका, पाद्री, टोपीवाले म्हातारे. एक बाई मागं मूल, पुढं पालेभाजीची टोपली घेऊन सपाट्यानं निघून गेली. एका इमारतीच्या कळसाला चार मगरींच्या शेपट्या पीळ घालून वर नेल्यात. मगरीच असाव्यात. मी धाकूला "नागोबा" म्हणून सांगितलं. आताशा मला काहीही सांगायची सवयच लागली आहे.

मग एक गोल बुरूज. आत पायऱ्या नाहीतच, नुसता चढ, फेऱ्यावर फेरे, घाटासारखा. वर जाईपर्यंत दम निघाला. वरून सगळं गाव दिसतं, कौलं तांबडी, पलीकडे समुद्र. म्हटलं, इथंच सांगावं. उंचावर कुणी नाही, रडला तरी कुणी बघायला नाही. तोंड उघडलं तेवढ्यात त्यानंच विचारलं, "मास्तर, इथं कावळे हायत काय?"

मी हसलोच! समुद्र ओलांडून आलास आणि कावळे कसले शोधतोस? कुरव बघ, किती पांढरे! तर म्हणाला, "कुरव काय कामाचे."

उतरताना म्हणाला, "ते कार्ड परत सांग ना. काय काय लिवलंय?"

पुन्हा सांगितलं. सर्व खुशाल, मालन शाळेत जाते, भात लावलं.

"तुळसाचं काय लिवलंय?"

"बरी आहे."

"आणि मालनचं? ताप-बीप काय?"

"नाही रे बाबा, ठणठणीत आहे."

किती आनंदानं ऐकत होता! मला माझ्या जिभेची किळस आली.


शनिवार, १७

आज गावात जेवलो. माझाच हट्ट. बोटीवरच्या डाळभाताला विटलो होतो.

पाण्याकाठी तळघरात खानावळ आहे. गल्ल्यावरची बाई लवू सारंगाएवढी उंच! आम्हाला पाहून आधी दचकली, मग हसली, मग खुर्च्या पुसून दिल्या. काळ्या पावाचा एकच तुकडा ताटलीत ठेवतात — वर झाकण नाही — त्यावर लोणी, त्यावर कच्ची खारवलेली मासळी, वर कांद्याची चकती. सुऱ्या-काट्यानं खायचं. मी इकडेतिकडे पाहून हातानं उचललं. चव? आंबट, गोड, खारट, तिन्ही एकदम. दुसऱ्या घासाला आवडली. तिसऱ्याला आणखी मागवली. नंतर एक गोड पाव आला, पापुद्रेच पापुद्रे, आपल्या खाज्यासारखे, आत बदामाचा गर. मी दोन खाल्ले.

धाकूनं मासळी बाजूला सारली. नुसता पाव आणि पाणी.

"काय रे?"

"श्रावण हाय ना."

श्रावण! चौदा वर्षं त्याच्याबरोबर बोटीवर आहे मी. श्रावणात, चतुर्थीला, संकष्टीला, बांगड्याचं कालवण ओरपताना ह्या डोळ्यांनी पाहिलाय त्याला. पण बरं वाटलं. सुतकातल्या माणसाला मी मासे खाऊ घालायला नेलं होतं! देवानंच वाचवलं. खाताना हे आठवलं कसं नाही मला? जिभेचे चोचले, दुसरं काय!

परतताना पुन्हा, "मास्तर, कार्ड सांग."


रविवार, १८

देवळातल्या घंटा वाजतात. सांगितलं नाही. झोप नाही, कशात लक्ष नाही. खिशात कार्ड नाही, निखारा आहे.


सोमवार, १९

मणी घेतले.

दुकान लहान आहे, काचेच्या पेट्या, आणि चष्मेवाली म्हातारी. मणी मधाच्या रंगाचे, उजेडात धरले तर आत बुडबुडे दिसतात. एकात तर माशी अडकलेली! झाडाची राळ समुद्रात पडून हजारो वर्षांनी दगड होते, असं म्हातारीनं हातवारे करून सांगितलं. मला कळलं तसं मी धाकूला सांगितलं.

मी परोपरीनं त्याला टाळायला बघितलं. म्हटलं, पुढच्या खेपेला घे. म्हटलं, मुंबईत ह्यापेक्षा चांगले मिळतात. म्हटलं, काच आहे, फसवतेय म्हातारी! तिला मराठी येत नाही म्हणून बरं. मेलेल्या बायकोसाठी माणूस मणी निवडतोय आणि मी शेजारी उभा राहून "हा पिवळा बरा" म्हणतोय, हे मला सोसेना.

तो ऐकेल तर शपथ. एक लांब माळ घेतली. म्हातारी बांधायला लागली तर हात धरला तिचा. खुणेनं सांगितलं, दोरा तोड. दोन माळा कर. एक मोठी, एक लहान. लहान किती? स्वतःच्या मनगटाभोवती दोनदा दोरा फिरवून दाखवला — एवढी.

"ही मालनला, ती तुळसाला," मी म्हटलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून.

"दोन्ही असू देत," म्हणाला.

म्हातारीनं दोन वेगळ्या पुड्या बांधल्या. त्यानं मोठी उजव्या खिशात ठेवली, लहान डाव्या.

मी मथुरेसाठी निळ्या नक्षीचे दोन पेले घेतले. घ्यायला नको होते. माझी बायको जिवंत आहे म्हणून मीच चोर असल्यासारखं वाटत होतं.


मंगळवार, २०. नारळी पौर्णिमा

नारळ घरचाच. लवू सारंगानं मिऱ्याहून आणून पेटीत जपून ठेवलेला. दरवर्षी तो धाकूच सोडतो, आमच्यात वडील तोच. माझा जीव टांगणीला! सुतकी हातानं समुद्राला नारळ? आणि ह्याच पाण्यावरून आम्हाला अकराजणांना घरी जायचंय. न सांगावं तर हे पाप, सांगावं तर सणाच्या दिवशी. इकडे आड तिकडे विहीर! सकाळी ठरवलं, पूजेआधी सारंगाच्या कानात सांगून टाकू.

जरूर पडली नाही. सारंगानं नारळ पुढं केला तर धाकू मागं सरला. "मनगट मुरगळलंय. मास्तरला दे."

मी सोडला. हळदकुंकवाचा नारळ त्या थंड हिरव्या पाण्यावर डुलत निघाला, धक्क्यावरचा पोलीस टोपी मागं सारून बघत राहिला. सगळ्यांनी हात जोडले. धाकूनं लांबून.

खोबऱ्याचा गोड भात झाला होता. धाकू म्हणाला भूक नाही.


बुधवार, २१

त्याला कळलंय का? छे! अक्षरशत्रू माणूस. कार्ड माझ्या खिशाबाहेर गेलेलं नाही. चोराच्या मनात चांदणं!

पण आज जेट्टीपलीकडे करडे कावळे दिसले. डोकं काळं, पंख काळे, पाठ-पोट राखेच्या रंगाचं. धाकू हातातलं काम टाकून बघत उभा राहिला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "हायत रे!"


गुरुवार, २२

शनिवारी बोट सुटणार. पंखा बसला.

सगळे जत्रेच्या बागेत गेले, मी आणि धाकूही. झाडाझाडांवर रंगीत दिवे, बँड, पाळणे, दोरीवरून चालणारी बाई. सात-आठ वर्षांची एक मुलगी, पिवळ्या वेण्यांची, धाकूजवळ येऊन त्याच्या कानातल्या बाळीकडे बोट दाखवून हसली. धाकू गुडघ्यावर बसला, कान पुढं केला. तिनं बाळी हलवून पाहिली. तिची आई आली, हसून घेऊन गेली. तो बसूनच राहिला.

"मास्तर," म्हणाला, "मालन शाळेत जाते, हे आत्मारामानं खरंच लिवलंय?"

"हो," मी म्हटलं.

"खरंच?"

"हो म्हटलं ना!" मी ओरडलो त्याच्यावर. ओरडलो!

उद्या. उद्या सकाळी, देवाशपथ. किती दिवस एका माणसाचं दुःख त्याच्यापासून चोरून ठेवायचं? दया म्हणून केलं, असं मनाला समजावतो. दया कसली, भ्यालो मी. त्याचं तोंड बघायला भ्यालो.


शुक्रवार, २३

पहाटे त्यानंच उठवलं. "चल. आज दहावा."

धक्क्याच्या दगडावर भाताचा पिंड ठेवला. कावळे समोरच्या छपरावर सहा-सात, एकही उतरेना. मी विचारलं, केव्हा कळलं? "कचेरीतच कोपरा दिसला. सातांत कोणाचं ते कळेना. माजं वाचताना तू अंगठा ठेवलास, तेवा कळलं."

"मग विचारलं का नाहीस?"

"इचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. न इचारता दोगी जित्या होत्या."

मग हात जोडून कावळ्यांना म्हणाला, "मणी घेतलेत. मोठे पण हायत, लहान पण हायत." अर्धा तास झाला. कावळे ढिम्म. तेव्हा माझ्याकडे वळला. "नाव घेतल्याबिगर कसा शिवेल? वाच आता, मास्तर. कोण गेलं?"

कार्ड काढलं. सगळं वाचलं, शेवटच्या ओळीसकट — "जाताना म्हणाली, त्यांना बोटीवर कळवू नका, परक्या मुलखात जेवायचे नाहीत."

धाकूनं डावा खिसा दोन्ही हातांनी धरला. "म्हंजे मालन हाय?"

"आहे."

"शाळेत जाते?"

"ते नाही लिहिलेलं. पण आहे, धाकू."

धक्क्यावरच बसला आणि रडला. मीही. मग मोठी माळ त्यानं पाण्यात सोडली. वळून पाहिलं तर दगडावर भात नव्हता. कावळा केव्हा शिवून गेला, दोघांनीही पाहिलं नाही.